सत्त्याऐंशी सह्या आणि एक

माझ्या धाकट्या भावाला सरकारी मदत नाकारल्याचं पत्र आलं, तेव्हा त्याला तपासणीचा अहवाल जोडलेला होता. अहवालाचं पहिलं वाक्य असं होतं: 'अर्जदाराने स्वतः दार वाजवले, परवानगी घेऊन तो आत आला व शांतपणे खुर्चीवर बसला.' पुढची दोन पानं मी नंतर वाचली. माझं घोडं त्या पहिल्या वाक्यावरच अडलं, कारण ते खोटं होतं. लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं. मला होतं.

भाऊ विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीत होता. अंगाने हडकुळा आणि कामाला अचूक, म्हणून ऑफिसात त्याला 'काटा' म्हणायचे. पुढे घरातही तेच नाव पडलं. मी एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात मुकादम आहे, अकरा बायका माझ्या हाताखाली. मोठ्या मशीनांच्या घरघरीत हुकूम सोडून सोडून माझा आवाज असा झालाय की मी नुसतं 'मीठ दे' म्हटलं तरी शेजाऱ्यांना वाटतं, लागलं यांचं भांडण. घरात आम्ही दोघंच. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही. ती गोष्ट वेगळी आहे आणि ती मी सांगणार नाही.

काट्याने चौदा वर्षं ते काम केलं. दिवसाला नव्वद-शंभर घरं. दार वाजवायचं, 'मीटर' एवढंच म्हणायचं, आकडा वहीत टिपायचा आणि पुढच्या घरी जायचं. घरात कुणी नसलं तर वहीत 'दार बंद' असा शेरा मारायचा, मग त्या घराला सरासरीचं बिल जायचं. त्यांच्या खात्यात एक नियम कडक होता. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, गिरवायचा तर मुळीच नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि ज्याने चूक केली त्याने बाजूला सही करायची. काटा हा नियम घरीसुद्धा चालवायचा. किराणाच्या यादीत मी चुकून साखर दोनदा लिहिली तर तो एका साखरेवर रेघ मारून माझ्यासमोर पेन्सिल धरायचा. "ताई, सही." मी त्याला खुळा म्हणायचे आणि सही करायचे.

मग त्याला दारांची भीती वाटायला लागली. कशामुळे ते विचारू नका, डॉक्टरांनाही सापडलं नाही. कुणी अंगावर ओरडलं नव्हतं, कुत्रं चावलं नव्हतं. बेलकडे बोट न्यायचं की छातीत धडधड, घशाला कोरड, पाठीवरून घाम. आतून कुणीतरी येईल, आपण काहीतरी चुकीचं बोलू, आणि इथेच उंबऱ्यावर कोसळू, असं त्याला वाटायचं. तो मागे फिरायचा आणि वहीत लिहायचा, 'दार बंद'. आधी दिवसाला एखादं घर, मग चार, मग दहा. एका महिन्यात सत्त्याऐंशी घरं झाली.

बिंग फोडलं एका म्हाताऱ्या चित्रकला मास्तरांनी. त्यांनी दुसऱ्याच्या हातून तक्रार लिहून धाडली: 'मी सहा वर्षं पलंगाला खिळून आहे. माझं दार बंद असतं ते केव्हा, हे मलाही कळवावं.' ऑफिसभर हशा पिकला. काट्याचा साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, "आजारी होतो म्हणून लिहून दे, मी सांभाळून घेतो." काट्याने लिहून काही दिलं नाही. त्याने वही मागितली, पट्टी घेतली आणि खुर्चीवर बसला. सत्त्याऐंशी ठिकाणी रेघ मारली, सत्त्याऐंशी ठिकाणी वर लिहिलं, 'माणसं घरी होती, मी दार वाजवलं नाही', आणि सत्त्याऐंशी सह्या केल्या. त्याला तीन तास लागले. मग त्याने खांद्याची पिशवी साहेबाच्या टेबलावर ठेवली आणि तो घरी आला. त्यानंतरच्या दोन वर्षांत तो माझ्याशिवाय घराबाहेर पडलेला नाही.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, तीव्र चिंताविकार. नातेवाइकांचं तर काय, जितकी तोंडं तितकी औषधं. एक मावशी म्हणाली, त्याला पोहायला घाला. चुलते म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या वेळी वीजही नव्हती. ते दोन महिने आमच्याकडे फिरकले नाहीत, तेवढाच फायदा.

मदतीचा अर्ज केला तो हौसेने नाही. मदत मिळाली तर मला अर्ध्या दिवसाच्या पाळीवर भागवता येणार होतं. नाही मिळाली तर पूर्ण पाळी, सकाळी सात ते संध्याकाळी सात, आणि तेवढा वेळ काटा घरी एकटा. तसं तीन महिने करून पाहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची खिडकी आहे. तिथून कुणी बघेल म्हणून हा माणूस दिवसभर पाणी प्यायला उठायचा नाही. मी पडदा लावला, तर पडदा का लावला म्हणून ते विचारायला येतील, ही नवी धास्ती. खोलीत तांब्या भरून ठेवला, तर जास्त प्यायलं की मोरीत जावं लागेल, आणि मोरीची वाट त्याच खिडकीवरून. एका संध्याकाळी आले तर ओठ फुटलेले, अंग तापलेलं, आणि मला ओळखायलाही त्याला वेळ लागला. चार दिवस तो माझ्याच दवाखान्यात सलाईनवर होता. त्याच्या पलंगाच्या चादरी माझ्याच मशीनमध्ये धुवायला आल्या. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं. बाकी मला काही नको होतं.

आता माझं पाप सांगते. तपासणीचं बोलावणं आलं आणि माझ्यातली मुकादम जागी झाली. मी विचार केला, सरकारी माणसापुढे जायचं तर नीट जायला हवं, चार लोकांत हसं नको. आठ दिवस मी मोरीच्या दारावर त्याची तालीम घेतली. मी आत उभी राहायची, तो बाहेर. "वाजव. आता आत ये. आता म्हण, बसू का." आठव्या दिवशी तो मोरीचं दार वाजवायला लागला, पण ते मोरीचं, आणि आत मी. त्याचा शर्ट मी अशी इस्त्री करून दिला की तो नुसता उभा केला असता तरी उभा राहिला असता. डॉक्टरांनी फारच झालं तर एक गोळी द्यायला सांगितलं होतं. मी दोन दिल्या. आणि तपासणीच्या खोलीबाहेर त्याची पावलं थिजली, तेव्हा मी त्याच्या काखेखालून हात घालून दार वाजवलं, त्याला आत ढकललं आणि भिंतीआड झाले.

दोन गोळ्यांच्या गुंगीत त्याने पाठ केलेली उत्तरं घडाघडा दिली. म्हणून अहवालात लिहिलं होतं, 'कपडे नीटनेटके, चेहरा शांत, उत्तरे सुस्पष्ट.' नोकरीसाठी नेला असता तर लागला असता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. हे मी कुणाला सांगितलं नाही. काट्याला सांगायची गरज नव्हती, हात माझाच होता हे त्याला माहीत होतं. तोही त्यावर कधी बोलला नाही.

मोफत सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई दर मंगळवारी वाचनालयात बसायच्या. त्यांनी अपिलाचा कागद भरून दिला. त्यांनाही मी दाराचं सांगितलं नाही, लाज वाटली. त्या म्हणाल्या, "सुनावणीला तुम्हाला सोबत बसू देतील, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि त्यांना काही शिकवू नका. आहेत तसे घेऊन जा. इस्त्रीसुद्धा करू नका." इस्त्री करू नका हे मला सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं आहे. पण त्यांचा शब्द मानून मी त्या सकाळी इस्त्रीची वायर कपाटात टाकून कुलूप लावलं.

सुनावणीच्या ठिकाणी जायला बस होती. दोन बस समोरून गेल्या, त्याला चढता आलं नाही, म्हणून आम्ही पाऊण तास चालत गेलो. इमारत चार मजली. जिन्याखाली मीटरची मोठी फळी होती. काटा तिथे थांबला आणि एकेक आकडा पुटपुटत वाचत राहिला. बत्तीस मीटर वाचून झाल्यावर त्याचा श्वास जरा खाली बसला. मी घाई केली नाही, आणि मी घाई करत नाही ही गोष्ट माझ्या अकरा बायकांना सांगितली तर त्या मला ताप आलाय का बघतील.

चौथ्या मजल्यावर एक लांब बाक, एक घड्याळ आणि भिंतीवर सूचना होती: 'पुकारा झाल्यापासून दहा मिनिटांत हजर न राहिल्यास अपील निकाली काढण्यात येईल.' काट्याने ती वाचली आणि मग सतत वाचतच राहिला. साडेदहाच्या सुमारास समोरच्या दारातून शिपाई डोकावला. त्याने काट्याचं नाव वहीत बघून पुकारलं, "दार वाजवून आत या" म्हणाला आणि दार ओढून घेऊन आत गेला. तो सवयीने म्हणाला असेल. रोज पन्नास लोकांना म्हणत असेल.

काटा उठला. इतकं त्याला जमलं याचंच मला नवल वाटलं. तो दारापर्यंत गेला, हात वर केला, बोटं दुमडली, आणि दारापासून दोन बोटांच्या अंतरावर त्याचा हात थांबला.

मी त्याच्या मागे दोन पावलांवर होते. त्याच्या शर्टाच्या पाठीवर ओला डाग पसरत चाललेला मला दिसत होता. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि आमचा काटा जागचा हलत नव्हता. दोन मिनिटं झाली. पाच झाली. माझे हात असे शिवशिवत होते की काय सांगू. एकदा वाजवलं की संपलं, तो आत जाईल, मीच तर आहे पुढे ढकलायला. आयुष्यभर दुसरं केलंय काय? शाळेत नाव घालताना मी ढकललं, नोकरीच्या मुलाखतीला मी ढकललं. पण आता वाजवलं तर आतले पुन्हा लिहिणार, अर्जदाराने स्वतः दार वाजवले. आणि नाही वाजवलं तर दहा मिनिटांनी अपील निकालात. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी मी मागे जाऊन बाकावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पहिल्यांदाच मला थोडंसं कळलं की त्याला रोज काय होत असेल.

दहा मिनिटं झाली. अकराव्या मिनिटाला दार आतून उघडलं. शिपायाच्या हातात कागद होता, आणि कागदावर 'गैरहजर' लिहिलेलं मी बाकावरून वाचलं. तो बाहेर पाऊल टाकणार तर काट्याची मूठ त्याच्या छातीसमोर. दोघंही दचकले.

"तुम्ही कोण?" शिपायाने विचारलं.

काट्याच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. "हजर."

आतून एका बाईचा आवाज आला, "त्यांना आत घ्या. सोबत कोणी असेल तर त्यांनाही."

टेबलापलीकडे तिघं होती. मधे अध्यक्षबाई, एका बाजूला एक वयस्क डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला सगळं लिहून घेणारे एक गृहस्थ. काटा खुर्चीच्या कडेवर टेकला. मी त्याच्या शेजारी बसले.

"किती वेळ उभे होता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अकरा मिनिटं," काटा म्हणाला. आकडा विचारला की त्याला उत्तर देता येतं.

"मग वाजवलं का नाही?"

तो गुडघ्यावर बोटं घासत राहिला. डॉक्टरांनी समोरची फाईल चाळली. "तपासणीच्या दिवशी मात्र तुम्ही स्वतः वाजवलं होतं. इथे पहिलंच वाक्य आहे. बरोबर आहे ना?"

काट्याने माझ्याकडे एकदा बघितलं. फक्त एकदा. मग टेबलाकडे बघून तो म्हणाला, "हो. मीच वाजवलं."

लिहिणाऱ्या गृहस्थांचं पेन चाललं. ज्याने सत्त्याऐंशी वेळा स्वतःची चूक स्वतः लिहून नोकरी घालवली, तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि त्या खोट्याने त्याचंच वाटोळं होणार होतं. मी उभी राहिले.

"खोटं बोलतोय तो."

"तुम्हाला विचारलेलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"विचाराल तोवर उशीर झालेला असेल, बाई. दार मी वाजवलं."

माझा आवाज धुलाईखान्याचा लागला होता. बाहेरचा शिपाई आत डोकावला. अध्यक्षबाईंनी त्याला हाताने घालवलं आणि मला म्हणाल्या, "बसा. हळू बोला. सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. मोरीचं दार, आठ दिवसांची तालीम, इस्त्री, दोन गोळ्या, काखेखालून घातलेला हात. बसून सांगितलं, पण हळू काही जमलं नाही.

"म्हणजे मदत हवी म्हणून त्यांना नेलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि मदत नकोच असं दिसावं म्हणून सजवून नेलंत?"

"हो."

"का?"

वकीलबाईंना जे सांगितलं नव्हतं ते तिथे तीन परक्या माणसांपुढे तोंडातून निघालं. "मला त्याची लाज वाटत होती. त्याची नाही, त्याच्याकडे लोक बघतात त्याची. माझ्या भावाला कुणी खुळा म्हणू नये एवढंच मला दिसत होतं. तो आजारी आहे हे मी डॉक्टरांना सांगत होते, मावशीला सांगत होते. मला स्वतःला ते पटलेलं नव्हतं. ढकललं की जाईल, असंच मी धरून चालले होते."

मग अध्यक्षबाईंनी काट्याला विचारलं, "आणि तुम्ही 'हो' का म्हणालात?"

"ताईला कुणी बोललेलं मला चालत नाही," तो म्हणाला, आणि तेवढ्यावर त्याचं बळ सरलं. श्वास तुटक झाला, हात वाकडे झाले, तो खुर्चीवरून खाली सरकून फरशीवर बसला आणि खुर्चीचा पाय धरून राहिला. मी उठणार होते. डॉक्टर माझ्या आधी उठले, टेबलाला वळसा घालून आले, त्याच्याशेजारी फरशीवरच बसले आणि त्याच्याबरोबर श्वास मोजायला लागले. मी जागची हलले नाही. त्याचा चुरगळलेला शर्ट, तोंडावरचा घाम, सगळं तिघांना दिसत होतं आणि मी ते दिसू दिलं. मला त्याचा त्रास झाला, नाही कशाला म्हणू.

निकाल टपालाने कळवू म्हणाले. आम्ही जिना उतरलो. काट्याने जिन्याखालचे बत्तीस मीटर पुन्हा वाचले.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. दोन वर्षांसाठी मदत मंजूर, नंतर फेरतपासणी. मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचायला लागले. कारणांमधलं पहिलं वाक्य होतं: 'पुकारा झाल्यानंतर अर्जदार दाराबाहेर अकरा मिनिटे उभा होता, त्यास दार वाजवता आले नाही.' मी ते मोठ्याने वाचलं आणि रडले. जे लपवायला मी एवढा आटापिटा केला, तेच आता शिक्क्यानिशी कागदावर होतं आणि त्यानेच आम्हाला तारलं होतं. सुटल्यासारखं वाटलं आणि शरमही वाटली, दोन्ही एकदम.

काट्याने पत्र हातात घेतलं. त्या वाक्याखालून बोट फिरवत त्याने ते तीनदा वाचलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "अकराच."

मग तो खोलीत गेला आणि जुनी फाईल, पट्टी आणि पेन्सिल घेऊन आला. फाईलमधून त्याने तपासणीचा तो अहवाल काढला, पहिल्या वाक्यातल्या 'अर्जदाराने स्वतः दार वाजवले' एवढ्या शब्दांवर पट्टी ठेवून एक आडवी रेघ मारली, खालचं दिसेल अशी. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'दार बहिणीने वाजवले'. आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"ताई, सही."

"अरे, आता कशाला? झाला ना निकाल आपल्या बाजूने. हा कागद आता कोण बघतंय?"

"चूक तुझी आहे," तो म्हणाला आणि पेन्सिल धरून उभा राहिला.

मी त्याला खुळा म्हणाले नाही. मी सही केली. त्याने ती नीट बघितली, तारीख राहिली होती ती घालायला लावली, आणि कागद फाईलला लावून ठेवला.